त्रेचाळीस काळ्या चकत्या

मंगळवार, ता. ९, दुपार

दाजी,

नमस्कार. तुम्ही बरे असालच. तुम्हाला काही होत नाही, जे होतं ते तुमच्या आजूबाजूच्यांना. इकडे आम्ही ठीक. हिचा गुडघा दुखतो, खोकला गेला.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. कागदाला अडवता येत नाही. हेडमास्तर होतात, लाल पेनानं चुका काढायच्या असतील तर खुशाल काढा. समास सोडलाय.

तीन रविवार मी सलूनच्या मागच्या खोलीत पोकर खेळायला आलो नाही. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. का विचाराल? सलूनवाला आणि कंपाउंडर यांच्यासमोर तुम्हीच म्हणालात, "चकत्या मोजा. काळ्या चाळीस असायला हव्यात, त्रेचाळीस आहेत. हा घरी बसून चकत्या पाडतो, याला तीन जास्तीच्या पाडायला कितीसा वेळ!" कंपाउंडर म्हणाला, "पण मास्तर, सगळ्यात जास्त काळ्या तर तुमच्याच ढिगात आहेत." त्यावर तुम्ही हसलात. "माझ्याशी हरला म्हणून माझ्याकडे आल्या. चोराला चोरीही धड जमली नाही."

चोर. चाळीस वर्षं लेथवर काढली, कारखान्यातून खिळाही घरी आणला नाही मी.

पोकर आपण खेळतो ते कशासाठी? हरेल त्यानं कप विसळायचे, एवढ्यासाठी. त्यात चोरी करून मी काय बंगला बांधणार होतो?

त्या चकत्या कशा झाल्या हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारलंच नाही. बंद पडलेल्या एका क्लबातून मी तीनशे चकत्यांचा लॉट आणला. मधे त्यांचं नाव होतं, आत दाबून बसवलेलं, नखानं निघणारं नव्हे. घरातल्या मागच्या खोलीत ड्रिल मशीन लावलं, चकती हलू नये म्हणून लाकडात गोल खाच पाडली आणि एकेक चकती दोन्ही बाजूंनी मधोमध उथळ कोरली. नव्या कागदाच्या जाडीइतकीच. केसभर जास्त गेलं की चकती बाद. पहिल्या अकरा बाद झाल्या. सगळ्या घरात पांढरी भुकटी. ही म्हणाली, "चिप्स करतोय म्हणालात, मला वाटलं बटाट्याचे."

मग नवे कागद. पाच, पंचवीस, शंभर. ते अंक बघून तुम्ही म्हणाला होतात, "गिचमिड आहेत, छापील का नाही घेतलेस?" दाजी, ते अंक ताईचे आहेत. तिच्या विणकामाच्या वहीतले, टाके मोजताना लिहिलेले, मी झेरॉक्स करून चिकटवलेले. ती वही तुम्ही रद्दीत काढली होतीत, मी गठ्ठ्यातून उचलली. दोन वर्षं दर रविवारी तुम्ही बायकोचं अक्षर बोटांत खेळवलंत आणि ओळखलं नाहीत.

आता दुसरं. जास्तीच्या चकत्या मीच केल्या. हो. तीन नाही, दहा. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

तुम्हाला पोकर येत नाही. पान चांगलं आलं की तुम्ही चष्मा पुसता, हे सलूनच्या आरशालाही ठाऊक आहे. पहिल्या तासात तुम्ही रिकामे व्हायचात. आणि नियमही तुमचाच, "हरलेल्यानं उठावं, खेळणाऱ्यांच्या डोक्यावर बसू नये." म्हणजे पाच वाजता तुम्ही कप विसळून घरी जाणार. म्हणून तुम्ही पुसायला चष्मा काढलात की तो परत डोळ्यावर चढायच्या आत मी एखादी काळी, शंभराची, तुमच्या ढिगात सरकवायचो. डाव संपला की चकत्या मी आवरायचो, जास्तीच्या खिशात टाकून घरी न्यायचो. त्या दिवशी आवरायच्या आधी तुम्ही मोजल्यात. दोन वर्षं जे जिंकलात ते तुम्ही जिंकला नाहीत. हे लिहिताना मला बरं वाटतंय, लपवत नाही.

त्या दिवशी तिथेच सांगता आलं असतं. पण मग दोघांसमोर तुमचं तोंड पडलं असतं.

हे का केलं? ताईनं शेवटी माझ्याकडून वचन घेतलं होतं, असं लिहिणार होतो. छान दिसलं असतं. पण ती काहीच म्हणाली नव्हती, शेवटचे चार दिवस तिला शुद्ध कुठे होती? आणि तुमच्यावर माया आहे म्हणून केलं, असंही नाही. तुम्ही मला लग्नाच्या दिवसापासून आवडला नाहीत. तिच्याशीही तुम्ही वर्गात बोलल्यासारखे बोलायचात.

खरं असं की आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, मला ताईनं वाढवलं. आता तिला ओळखणारं माझ्याशिवाय एकच माणूस उरलंय, आणि नशिबानं ते तुम्ही निघालात. डाव रंगात आला की कधीतरी तुम्ही म्हणायचात, "ती असती तर म्हणाली असती, उठा आता." एवढंच. तेवढं एक वाक्य ऐकायला मी दर रविवारी येत होतो. पाच वाजता उठून गेलात तर ते वाक्य येत नाही, ते सहानंतरच येतं.

शुक्रवारी सलूनवाल्याकडे केस कापायला गेलो. तो म्हणाला, "मास्तर आता अर्ध्या तासात उठतात. घरी काम आहे म्हणतात." तुमचं घर मी बघितलंय, दाजी. काम कसलं?

रविवारी चार वाजता मी येणार आहे. तुम्ही त्या दोघांसमोर सांगायचं की मी चोर नाही. कारण सांगू नका, ते आपल्यात राहू द्या. सांगितलंत म्हणून मी लगेच विसरेन असं समजू नका. नाही सांगितलंत तरी मी बसणार आहे, तुमच्या शेजारीच, आणि या खेपेला एकही चकती तुमच्याकडे सरकणार नाही. हरा. आणि हरलात तरी सहा वाजेपर्यंत बसा. कप मी विसळीन.

'तुमचा' लिहायला हात धजत नाही, म्हणून,

ताईचा धाकटा भाऊ