दिवस मावळला की दार लाव

कारेगाव
मार्गशीर्ष, १९६६

प्रिय गिता,

ज्या संध्याकाळी मी पिंजऱ्यांच्या सगळ्या कड्या काढल्या, त्या संध्याकाळी माझं सगळंच बदललं. तू समोर उभी होतीस, म्हणजे काय झालं ते तुला माहीत आहे. माझ्या डोक्यात काय होतं, तेवढं सांगायचं राहिलं.

पुण्याच्या शेतकी कॉलेजातून भांडून आलो, असं मी गावाला सांगितलं. खरं म्हणजे तू दिसायची नाहीस, म्हणून तिथं जीव लागेना. इथंच काहीतरी करून दाखवायचं आणि मग तुझ्या आबांपुढं उभं राहायचं, असं ठरवलं. शिरूरच्या वजीरचाचांकडून तारेचे पिंजरे करून घेतले, पांढरी विलायती कोंबडीची पिल्लं आणली. ती तारेवरच वाढली. अंडं पडलं की घरंगळत पुढं यायचं, स्वच्छ, नुसतं उचलायचं. टोपल्या भरायला लागल्या आणि मी फुगलो. तू मात्र टोपल्या सोडून कोंबड्यांच्या माना बघत बसायचीस. तारेला घासून पिसं गेलेली, नखं वाढून वाकडी झालेली. "अंडं द्यायच्या आधी कशी घुटमळती बघ, आडोसा शोधती ती," असं तू म्हणालीस, तर मी म्हणालो, "मग काय पाळणा बांधू तिला?"

त्यांना मोकळं सोड असं तू कधीच म्हणाली नव्हतीस. खाली भाताचं तूस टाक, बसायला दांडी लाव, कोपऱ्यात अंधारी खोकी ठेव, आन् दिवस मावळला की दार लाव, एवढंच तुझं म्हणणं. मला त्यातून ऐकू आलं ते एकच, की मल्हारी चुकला. त्या दिवशी तू आबांदेखत म्हणालीस, "कॉलेजचं पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असतंस तर कळलं असतं, न्हाई का!" माझं टाळकंच फिरलं. घे तुझ्या मोकळ्या कोंबड्या, म्हणत कड्या उघडल्या. आपण मेंढरांमागं वाढलेली माणसं. वाघुरीच्या जाळीतून सुटलेली मेंढरं चरून परत येतात, तशा याही येतील असं वाटलं मला. शीळसुद्धा घातली मी, आठवतं? पण या कोंबड्या जन्मात कधी जमिनीवर चालल्या नव्हत्या. दोन पावलं टाकायच्या आणि बसायच्या. दिवस बुडाला तरी रानात जिथल्या तिथं बसून होत्या, आणि कुत्री आली. मी घरात शिरून दार आपटलं. तू एकटी पदरात घालघालून त्यांना आत आणत होतीस. सकाळी तू आत्याकडं दौंडला गेलीस, ती अजून तिथंच आहेस.

तू आणलेल्या तेवढ्याच वाचल्या. त्यांच्यासाठी मी पिंजरे मोडून छपराखाली खोली केली. वजीरचाचा म्हणाले, "मोडायचंच होतं तर माझी बोटं कशाला कापून घेतलीस रे?" ती तार खिडक्यांना लावली. खाली तूस आहे, दांडी आहे, खोकीही आहेत. अंडी पहिल्यापेक्षा कमी, त्यातलं एखादं बरबटलेलं, एखादं त्याच फोडून खातात. पण पिसं परत आली. दुपारी तुसात अंग घोळवतात, तेव्हा बघत बसावंसं वाटतं. कॉलेजात हे सगळं शिकवतात म्हणे. मी निघून आलो त्याच्या पुढच्याच महिन्यात शिकवलं.

काल तुझी आई, भामामावशी, आली होती. दौंडच्या रेल्वेतल्या स्थळाला रविवारी होकार द्यायचा आहे. "गिता म्हणती, मल्हारीला काय बोलायचं आसंल तर त्याच्या आधी बोल म्हनावं," एवढं सांगून ती उभीच राहिली. म्हणून हे पत्र. होकार देऊ नकोस, असं ओरडावंसं वाटतंय, गिता. पण माझ्या ओरडण्यानं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, मी दौंडला येऊन तमाशा करणार नाही. तुसावर बसून हे लिहितोय. दिवस मावळलाय, कोंबड्या दांडीवर चढल्यात, एकमेकींना ढकलून जागा करून घेतायत. आता मी उठतो, बाहेर जातो आणि दार लावून घेतो, हळूच.

म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझाच,
मल्हारी