माझ्या नावापुढची खूण

बाबा, तुमची जुनी मतदारयादी काल बाहेर काढली. चाळ पाडली तेव्हा आईने पितळेची भांडीसुद्धा वाटून टाकली, पण ही यादी तिने करी रोडच्या या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यापर्यंत आणली. नगरसेवकाचं तिकीट कुणाला द्यायचं, ते या वेळी शाखेतले सभासदच गुप्त मतदानाच्या चिठ्ठ्या टाकून ठरवणार आहेत. उद्याच. एका बाजूला काका, ज्यांनी तुमच्याबरोबर आयुष्यभर पक्षासाठी भिंती रंगवल्या. दुसऱ्या बाजूला माईक घेऊन फिरणारा एक तरणाबांड गडी. टॉवरचा मेंटेनन्स माफ, घरटी एक नोकरी, जे मागाल ते देतो म्हणतो. कसं देणार, असं विचारलं की पुढची घोषणा देऊन टाळ्या घेतो.

काका गेल्या आठवड्यात घरी आले. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "बाय, तुझ्या बापाशीसारखी यादी कर. माका एकदा कळांदे, किती आसत आपले."

तशी यादी करणारा वॉर्डात दुसरा कुणी नव्हताच. मतदानाआधी तुम्ही शिसपेन्सिल घेऊन बसायचात. आपल्या माणसापुढे बरोबरची खूण, त्यांच्या माणसापुढे फुली, भरवसा नसेल तिथे प्रश्नचिन्ह. सभेत कोण ओरडतो ते बघू नये, म्हणायचात. शाखेवरून जाताना कोण खाली मान घालून जातो ते बघावं. माझं अक्षर बरं म्हणून शाळेत असल्यापासून मी शेजारी बसून मतदारांच्या चिठ्ठ्या लिहायची. तुमचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही. तोच धडा घेऊन मी आठवडाभर मजले चढले-उतरले. काकांना वाकून नमस्कार करणारे लोक माझ्याशी बोलताना लिफ्टचे आकडे बघत होते. काका पडणार, बाबा.

मग तुमच्या खुणा बघाव्यात म्हणून यादी उघडली. माझ्या पहिल्या मतदानाची निघाली. तुमच्यापुढे बरोबर, आईपुढे बरोबर. माझ्यापुढे प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेलं.

कारण लगेच आठवलं. त्याच दिवसांत जेवताना मी विचारलं होतं, आपला माणूस निवडून येतो तरी आपल्या नळाला पाणी का येत नाही? ताटावरून मान वर न करता तुम्ही म्हणालात, "गप जेव." मी गप जेवले. आणि मतदानाला गेले तेव्हा तुम्ही सांगितलं तिथेच शिक्का मारला. बाबांचा माझ्यावर डोळे झाकून विश्वास होता, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले. फसवलंत तुम्ही मला. एका प्रश्नासाठी पोटच्या पोरीला डळमळीत ठरवलंत. तेव्हा मी पुरती तुमची होते हो.

आज संध्याकाळी काका मी केलेली नवी यादी बघायला आले. त्यांच्यादेखत मी माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली, पेनने. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते गेले. मेंटेनन्सची नोटीस फ्रीजवर लावलेली आहे, मुलगा वर्षभर घरी बसून आहे. तो गडी थापा मारतो हे मला कळतं. तरी उद्या मी चिठ्ठी त्याच्याच नावाची टाकणार आहे.

काकांना हे सांगायची हिंमत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. हा कागद घडी करून तुमच्या यादीतच ठेवते. ते प्रश्नचिन्ह खोडायला सकाळी रबर काढलं होतं. न वापरताच परत जागेवर ठेवलं.