मधली खुर्ची

अप्पा, टेबल मी केलं. सागवानी, साडेपाच फूट लांब. टेबलामागच्या तीन खुर्च्या मी केल्या, पुढची चौथी घरातलीच. जिन्यावरच्या खोलीत प्लायचं पार्टिशन, त्याला दार, दाराला आवाज न करणारी कडी, बाहेर चौघं बसतील असं बाकडं, कागद लावायच्या तीन पाट्या, हे सगळं माझ्या हातचं. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. अख्ख्या बाकड्याला एक खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेत, हे मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही आधी तेच वाकून बघितलं असतं.

नांदेडच्या घरात असली खोली कशाला, हे तुम्ही विचारलं नसतं. नुसतं बघितलं असतं. तुमच्या नातीला नीटमध्ये चांगले मार्क पडले. बाकीची कॉलेजं मार्कांवर मिळतात, पण लांबचं एक कॉलेज आहे, तिथं मार्कांनंतरही समोर बसवून विचारतात. तिथून तिला बोलावणं आलं आणि मी ठरवलं, पोरगी तिथं घाबरता कामा नये. आधी जाऊन आलेल्यांना फोन करून करून मी सगळं टिपून घेतलं. बाकड्यावर बसलेल्याला आतलं हसणं ऐकू येतं आणि ते आपल्यावरच आहे असं वाटतं. फाइलवर घामाचा पंजा उमटतो. दारापासून खुर्चीपर्यंत सात पावलं, पण चौथ्याच पावलाला पाठ केलेलं पहिलं वाक्य जातं. समोरच्यांपैकी एकजण मान वर न करता लिहीत असतो आणि तोच सगळ्यात जास्त छळतो. हे सगळं जसंच्या तसं मी वर उभं केलं. डावीकडं मी बसायचो, उजवीकडं गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. मधली खुर्ची ओळखीच्या एका डॉक्टरांसाठी होती. ते दवाखान्यातून एकदाही मोकळे झाले नाहीत, म्हणून ती रिकामीच राहिली.

बोलावणं आलेली आणखी तीन-चार पोरं सरावाला यायला लागली. पहिली देगलूरची एक मुलगी. चांगली बोलली. उठताना म्हणाली, "सर, मधले सर मांडी घालून का बसले व्हते?" बाई हसल्या. अगं, मधी कोण हाय, रिकामी खुर्ची हाय ती, असं म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "हाव का." मग खुर्चीकडं न बघता फाइल उचलून गेली. तिचा पेन टेबलावर राहिला. वरून आवाज दिला तर म्हणाली, राहू द्या.

दुसऱ्या दिवशी उदगीरचा मुलगा. डॉक्टर का व्हायचं आहे, हा प्रश्न मी विचारला. त्यानं "समाजाची सेवा" म्हणून सुरुवात केली, मधेच थांबला आणि हळूहळू मधल्या खुर्चीकडं वळला. तिच्याकडं बघत, एकदम घरातल्या आवाजात म्हणाला की दवाखान्यात डॉक्टर आले की लोकं उठून उभी राहतात, ते मला लई आवडतं. नंतर बाहेर मी विचारलं, असं का सांगितलंस. म्हणाला, तुम्ही दोघं विचारून राहिले होते, ते काहीच विचारत नव्हते, मग खरं सांगावं लागलं. बाईंनी त्या दिवसापासून आपली खुर्ची वीतभर बाजूला सरकवली.

त्या संध्याकाळी मी मापाची वही काढली. बाजूच्या दोन खुर्च्यांची बैठक एकोणीस इंच आहे. मधली मी सत्तावीस इंच केली होती, पाठ तेहतीस. अध्यक्षाची खुर्ची ऐसपैस असावी म्हणून जुन्या वहीतलं एक माप उचललं होतं. पानावर कुणाचं नाव नव्हतं, वर नुसतं लिहिलेलं, "बसलेलं माप". कुण्या जुन्या गिऱ्हाइकाचं असेल असं मी धरून चाललो. पान पुन्हा उघडलं तेव्हा अक्षर ओळखलं. एकोणिसाव्या वर्षीचं माझंच अक्षर, आणि कोपऱ्यात विभूतीचं बोट पुसलेलं.

तुम्ही गेलात तो दिवस. शिरूर अनंतपाळच्या घरात तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं आहे. गळ्यात हार, कपाळावर विभूती, मांडी घातलेली, आपल्या लिंगायतांत बसवूनच पुरतात तशी. स्वामी सांगतात, समाधीचा खड्डा त्यांच्याच पावलांनी मोजायचा, सुतळी आणा. मी सुतळीनं तुमचं पाऊल मोजतो. मग कुणी न सांगताच टेप काढतो आणि आत बसवायच्या कोनाड्यासाठी एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत माप घेतो, बैठकीपासून डोक्यापर्यंत घेतो. काका कुजबुजतात, पोराला याड लागलं. पण तुम्हीच दुकानात शिकवलं होतं, अंदाजानं मोजणारा अर्धा चोर असतो. तुमच्या अंगाला हात लावून घेतलेलं तेवढं एकच माप, अप्पा, आणि ते मी तीस वर्षांनी खुर्चीला लावलं.

टेपही तुमचाच. त्याच वर्षी तुम्ही मला मुलाखतीला पाठवलं होतं. डॉक्टर होईल पोरगं, म्हणून कापडाच्या दुकानात येईल त्याला सांगत होता. मी परत आलो आणि म्हणालो, त्यांनी घेतलं नाही. तुम्ही गादीवर मांडी घालून बसला होता, हातात कापड मोजायचा गज. बराच वेळ बघितलं. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलादी टेप हातात दिला, म्हणालात, "मग हातानं काही कर." खरं असं आहे की मी आत गेलोच नव्हतो. बाहेर बाकड्यावर बसलो होतो, माझ्या आधी दोन नावं राहिली होती, तेव्हा उठलो आणि स्टँडवर आलो. मी स्वतःच्या हिमतीवर शिकलो असं आजही छाती काढून सांगतो. त्याची सुरुवात त्या बाकड्यावरून पळण्यात आहे.

खुर्ची बदलावी असं मनात आलं होतं. बदलली नाही. चौथ्या दिवशी आपली पोरगी आत आली. सात पावलं, बरोबर. मी विचारलं, डॉक्टर का व्हायचं आहे? तिनं माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, मग मधे. तुम्हाला ती फोटोतूनच ओळखते, घरात सगळे तुम्हाला आजोबा म्हणतात. ती म्हणाली, "अप्पा, मला नाही व्हायचं. मला मातीचं शिकायचंय, शेतीचं. पप्पांना नाही म्हणता येत नाही."

तुम्ही गेल्यापासून 'अप्पा' हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. बाई उठून खाली गेल्या. मी पाटीवरचा कागद सरळ करत राहिलो. तो आधीच सरळ होता. मग तिला सगळं सांगितलं, बाकड्याचं, दोन नावांचं. तिच्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग मला तिथवर सोडा. मी आत जाऊन सांगते. बोलावलंय तर दारातून परत येणं बरं न्हाई."

गेलो. बावीस मिनिटं मी बाहेर बसलो, त्यांच्या बाकड्याचे सांधे मोजत. खिळे मारलेले, तेही वाकडे. ती बाहेर आली तेव्हा चेहरा मोकळा होता. आतल्या एकानं लिहिणं थांबवलं म्हणे, आणि म्हणाला, हे सांगायला एवढ्या लांब कुणी येत नाही. तिला चहा पाजला. गाडीत बसल्यावर तिनं हळूच सांगितलं, "सगळ्यांचे पाय खाली होते, पप्पा. मी आधी तेच बघितलं." आता ती परभणीला कृषी विद्यापीठात आहे. घरी येते तेव्हा पिशवीत मातीच्या पुड्या असतात. तिथून परत आल्यावर मी आठवडाभर तिच्याशी धड बोललो नव्हतो, तेही लिहून ठेवतो.

हे पत्र समाधीवर ठेवणार नाही. वहीत, त्याच पानाशी राहील. एकच सांगायचं राहिलं. लातूरचे एक क्लासवाले येऊन गेले. त्या खुर्चीपुढं पोरं खरं बोलतात हे त्यांच्या कानावर गेलं होतं. टेबल नको, पार्टिशन नको, फक्त मधली द्या म्हणाले. लाकूड साडेनऊ हजारांचं. लोकांना मी सांगतो की तिथल्या तिथं नाही म्हणालो. तसं नाही, अप्पा. मी तीन दिवस मागून घेतले होते आणि चौथ्या दिवशी नाही कळवलं. ते एक लाख ऐंशी हजार देत होते.