पुढच्या फर्म्यातली ओळ

शनिवार, ९ ऑक्टोबर

प्रिय सरकार,

सुर्र्र... टप्! सुर्र्र... टप्!

घाबरू नकोस, तुझ्या नवऱ्याला काही झालेलं नाही. पण हा आवाज आज इतक्या वर्षांनी परत ऐकला आणि तुला कळवल्यावाचून राहवेना. आमच्या वडिलांच्या बाइंडिंगच्या दुकानात मी पाटावर बसून छापील कागदांच्या घड्या घालायचो. हाडाची पट्टी घडीवरून फिरली की सुर्र्र, आणि घडी केलेला सोळा पानांचा फर्मा थप्पीवर पडला की टप्. आज आपल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंनी माझ्या नव्या बॅगेची चेन ओढून बघितली आणि झाकण पाडलं, तर हुबेहूब तोच आवाज! मी होतो तिथेच स्टुलावर बसलो. त्या म्हणाल्या, "काका, चक्कर येतेय का?" म्हटलं, "नाही हो, बालपण येतंय." त्यांनी तरीही नाडी बघितलीच.

असो. आधी खुशाली विचारायची असते, ती राहूनच गेली. तुझ्या आईंचा गुडघा कसा आहे? तुझी पाठ? इकडे सर्व क्षेम आहे. कुंड्यांना पाणी घालतो. जास्वंदीला जरा जास्तच झालं, त्याबद्दल समक्ष बोलू.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण तुमच्याकडचा फोन म्हणजे जाहीर सभा. मी एक वाक्य बोलायचं, मग आई विचारणार, "काय म्हणतायत?" मग तू ते त्यांच्या कानात ओरडून सांगणार. परवा मी नुसतं "बनियन किती घेऊ?" विचारलं, तर ते तुमच्या अख्ख्या गल्लीला कळलं. म्हणून हे पत्र.

तर सामानाचं. दोन वर्षांसाठी परदेशी जायचं, आणि विमानवाले नेऊ देतात दोनच बॅगा. पहिली भरली. हातोडी, दाभणं, दोऱ्याची रिळं, मेणाचा तुकडा, वडिलांची हाडाची पट्टी. तिकडच्या ग्रंथालयाने बाइंडिंग शिकवायला बोलावतानाच कळवलंय की हत्यारं इथे मिळतील. मिळतील गं, पण दुसऱ्याच्या हातोडीने पुस्तकाची पाठ गोल करायची म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवायचं. दाभणं मी हातातल्या पिशवीत ठेवली होती. नर्सबाई ओरडल्या, "काका, विमानात नाही, ठाण्यात बसवतील तुम्हाला!" ती काढून मोठ्या बॅगेत टाकली. मग लक्षात आलं की कपडे राहिलेच. त्यांनी काट्यावर बॅग तोलली आणि म्हणाल्या, "आता यात एक रुमाल बसेल. तोही वाळलेला."

कपड्यांवरून आठवलं. त्या दिवशी तू "तुम्ही जा, या वयात कोण बोलावतंय, मी आईपाशी राहते," म्हणालीस आणि माझ्या सदऱ्याची बटणं शिवायला बसलीस. इतकी घट्ट शिवलीस की ती आता काजात जातच नाहीत. मी तो सदरा घेणार आहे. घालता येणार नाही, पण घेणार आहे.

दुसरी बॅग कपाटाशेजारी उभी आहे, रिकामी. हिच्यात काय भरावं ते सुचत नाही. येता-जाता माझ्याकडे बघते, पाहुणीसारखी.

काल ती भरायचीच म्हणून उठलो आणि तुझा जुना आठवीचा वाचनपाठ हाताला लागला. मग काय, झालं! मांडी घालून खालीच बसलो. तुला माहीतच आहे, माझी शाळा चौथीतच सुटली. पुढच्या इयत्तांच्या कविता मी दुकानात शिकलो. पण पुस्तकाचं काम दोन दुकानांत वाटलेलं असे. एक फर्मा आमच्याकडे, पुढचा पलीकडच्या गल्लीत. सोळा पानं संपली की आमची कविता जिथे असेल तिथे तुटायची.

"नदीतीरिच्या नावाड्याला पुसे एकदा लाट..."

संपला फर्मा! काय विचारलं लाटेने? हजारो घड्या घातल्या, पण कळलं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी दाढी करताना ही ओळ म्हटली आणि थांबलो. तू आतून, चहा गाळता गाळता, म्हणालीस,

"किती उतरले, किती निघाले, बघसि कुणाची वाट?"

माझ्या गालाला ब्लेड लागलं, ती खूण अजून आहे. तेव्हापासून आपलं ठरूनच गेलं. अर्धी माझी, अर्धी तुझी.

ग्रंथालयाने राहायची जागाही कळवली आहे. दोन खोल्या, आतल्या अंगणात उघडणारी मोठी खिडकी, ओट्याशी दोघांना उभं राहता येईल एवढी जागा. हे आपलं सहज लिहिलं. तिकडे थंडी फार असते म्हणे, तेव्हा जाड कपडे लागतील. म्हणजे मला.

तर दुसऱ्या बॅगेत काय भरू, ते जरूर कळव. पुढच्या महिन्यात सहा तारखेचं विमान आहे.

आपला आज्ञाधारक (पण सामानाच्या बाबतीत गोंधळलेला),
बाइंडर


बुधवार, २० ऑक्टोबर

प्रिय सरकार,

तुझं पत्र पोचलं. वा! काय तो बाणा! "हातोडी एक पुरे. दोन स्वेटर घ्या, बोकडाच्या रंगाचा नको. औषधं हातातल्या पिशवीत. जास्वंद मेली असेल तर सरळ सांगा." सांगतो. मेली.

आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, "माझे वाचनपाठ न्या दुसऱ्या बॅगेत. म्हणजे मी नसले तरी पुढची ओळ अडणार नाही."

ते वाचून मी लगेच उठलो. सगळी पुस्तकं धूळ झटकून बॅगेत नीट लावली. तुझी आज्ञा म्हणजे आज्ञा. जेवलो. हात धुतले आणि ती सगळी पुन्हा बाहेर काढली. संध्याकाळी नर्सबाई आल्या. बॅग रिकामी, पुस्तकं पलंगावर आणि मी खिडकीत. म्हणाल्या, "काका, हे जाणं आहे की व्यायाम?"

आता तुला एक गोष्ट सांगतो. हसू नकोस. ती पुस्तकं गेली चाळीसेक वर्षं आपल्याच कपाटात आहेत. त्यांच्या पाठी मीच दोनदा बांधल्या. पान उलटून पुढची ओळ वाचायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण मी कधी वाचली नाही. बांधतानासुद्धा त्या पानांवर कोरा कागद ठेवून काम केलं. नावाड्याने लाटेला काय उत्तर दिलं, ते मला तुझ्या आवाजातच माहीत आहे. छापलेलं मी पाहिलेलंच नाही.

त्यामुळे ते पुस्तक तिकडे नेऊन, परक्या खोलीत दिव्याखाली बसून, मी माझा मीच पुढची ओळ वाचायची? आणि मग काय, टाळ्या वाजवायच्या?

आणखी एक. ग्रंथालयाने आपल्या दोघांची कागदपत्रं केली होती, तुला आठवत असेल. तू नाही म्हणालीस तेव्हा मी "कळवतो त्यांना" म्हणालो होतो. कळवलेलं नाही. रोज लिहायला बसतो, "एकटाच येत आहे" इथवर येतो आणि माझा फर्मा संपतो. तुझं तिकीट अजून तसंच आहे, माझ्या शेजारच्या खुर्चीचं.

चल माझ्याबरोबर.

लिहिलं बुवा एकदाचं. मला तिकडे जायचं आहे, सरकार. फार जायचं आहे. ती जुनी पुस्तकं, शिकायला बसणारी ती मुलं, स्वप्नातसुद्धा मला खळीचा वास येतो. पण एकट्याने गेलो तर मी संध्याकाळच्या त्या खिडकीत नुसता अर्ध्या ओळी म्हणत बसेन, आणि तिकडच्या लोकांना वाटेल, म्हातारा विसराळू आहे.

पण आईंना सोडून चल, हे मी कुठल्या तोंडाने म्हणू? त्यांना ऐकू येत नाही, जिना चढवत नाही, तुझ्यावाचून गोळी घेत नाहीत. म्हणून हे पत्र बहुतेक टाकणार नाहीच. लिहून मोकळा झालो, एवढंच. उद्या शहाण्यासारखं दुसरं लिहीन, स्वेटरबद्दल.

दार वाजतंय. नर्सबाई काटा घेऊन आल्या असतील. थांब.

*

सरकार, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे. दारात तुझ्या आई!

हातात काठी, मागे पत्र्याची ट्रंक, त्यामागे घामाघूम झालेला टॅक्सीवाला. मी नुसता बघत राहिलो, तर म्हणाल्या, "जावईबापू, बघताय काय? ट्रंक आत घ्या. माझी खोली कुठली? जास्वंदीच्या बाजूची चालेल."

मी ओरडून विचारलं, "आई, एकट्याच? तिला सांगितलंत का?"

"ती बाजारात गेली होती. चिठ्ठी ठेवून आलेय उशाशी. 'जावयाकडे चाललेय, तू पण ये.' बास."

"पण आई, मी तर परदेशी..."

"म्हणूनच तर आले! घर बंद ठेवून जाणार होतात का? मी राहते. वरच्या त्या नर्सपोरीशी माझं सगळं ठरलंय, रात्री ती खाली झोपणार आहे. सकाळच्या पोळ्यांना बाई तिनेच बघितली. दोन वर्षं म्हणजे काय हो? माझा एक स्वेटर विणून होत नाही तेवढ्यात!"

नर्सबाई जिन्यात उभ्या होत्या, तोंडावर हात धरून हसत. म्हणजे हिलाही सगळं ठाऊक! माझी नाडी बघता बघता हिची आईंशी पत्रापत्री चालली होती तर.

मी पुन्हा ओरडून म्हटलं, "पण तुम्हाला हे सुचलं कसं?"

आई पलंगावरची पुस्तकं बाजूला सारून बसल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघं फोनवर जे बोलता, ते मला ऐकू येत नाही. जे बोलत नाही, ते चांगलं ऐकू येतं. दोन महिने ऐकतेय. डोकं उठलंय माझं."

तर सरकार, आता तूच न्याय कर. "मी आईपाशी राहते" असा तुझा शब्द आहे. आई इथे आहेत, माझ्या स्टुलावर पाय ठेवून चहा मागताहेत. शब्द पाळायचा तर इकडेच यावं लागेल. आलीस की बघ, बोल, भांड. मग तुला जे वाटेल ते. गोळ्यांच्या वेळा नर्सबाई लिहून घेताहेत. तुझ्याकडून एकदा तपासून घेऊ म्हणतात.

हे पत्र आता पोस्टात टाकत नाही. तुझ्या हातातच देईन.

फोन वाजतोय. तूच असणार. उचलायला उठलो, तर आईंनी काठी आडवी धरली. नर्सबाईंनी खुणेने सांगितलं असणार त्यांना. म्हणाल्या, "बसा! फोन करतेय म्हणजे अजून घरातच आहे. उचललात तर समजूत घालत बसाल, आणि ती ऐकत बसेल. वाजू द्या."

वाजतोय. आई माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी त्यांना खुणेने सांगतोय, अजून वाजतोय.

थांबला.

दार उघडंच ठेवलंय.

तुझाच,
बाइंडर