बटणांवर लावलेलं दुकान

४ जून

चि. धाकटीस,
अ. आ.

बाबांचं शिवणाचं दुकान मी विकतो म्हटल्यावर तू मामांपुढे पोकरचा डाव मागितलास. जिंकेल त्याचं दुकान, तर तसं. पण नवशिक्या बहिणीला लुबाडलं असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून शिकवतो.

बहुतेक हात सरळ टाकून द्यायचे, आलेल्या पत्त्यांची माया धरायची नाही. हरलेलं परत मिळवायला धावायचं नाही. तू जन्मभर तेच करतेस. आणि पत्त्यांपेक्षा समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, थाप तिथे कळते. तुझ्या तोंडावर सगळंच दिसतं, त्याला माझा इलाज नाही.

येताना दुकानाची किल्ली घेऊन ये.

तुझा दादा

११ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

उपदेश पोचला. मशीन बंद केल्यावर इस्त्रीवाले काका आणि काजं करणाऱ्या मावशी माझ्याशी खेळतात, पैशांऐवजी बटणं लावून. मामांकडेही बटणंच लावू. मावशी इतक्या थापा मारतात की काका रुसून बसतात. दुकान गेल्यावर या दोघांना कोण ठेवून घेणार, हे तुला विचारण्यात अर्थ नाही.

तुझं तोंड मला नव्याने बघायला नको. हातात काही नसलं की तुला अक्कल शिकवायची हुक्की येते, आणि असलं की मुकाट बसतोस. लहानपणापासून बघतेय. जपून ये.

धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहितो.

सही करून कागद मामांकडे दिलाय. दुकान उराशी धरून बस.

चांगले पत्ते आले तेव्हा मी मुद्दाम बडबडलो, तर तू खुशाल हात टाकून दिलास. शेवटी हातात काही नसताना मुकाट बसून सगळी बटणं पुढे सारली, तर नुसत्या दुर्रीच्या जोडीवर तूही सगळी लावलीस. माझी सवय मी उलटी केलीय हे तुला कसं कळलं? क्लबात पत्ते खेळताना मला आता बोलायचीही चोरी आणि गप्प बसायचीही. कळव.

दादा

८ जुलै

ती. दादास,
नमस्कार.

तुझी तशी काही सवयच नाही. ती मी बनवली. तू ती खरी मानून उलटी करणार, एवढं मला ठाऊक होतं.

बहिणीने आपल्याला इतकं निरखलंय, हे मात्र तू लगेच खरं मानलंस. शाळेला वसतिगृहात होतास, मग नोकरीला परगावी, आणि बाबांच्या आजारपणातही फिरकला नाहीस. घरात होतास कधी, की मी तुझ्या सवयी बघेन?

लोभाचं आता तुझं तू बघ.

धाकटी