अंबडला काही हालचाल?

सिडको, नाशिक
शुक्रवार, १७ जानेवारी

प्रिय समाधान,

पाकीट बघून घाबरू नकोस. आई बऱ्या आहेत, पल्लवी बरी आहे, मीही बरी आहे. लग्नाआधी तू मला आयटीआयच्या वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहायचास, त्यानंतर आपल्या दोघांत पत्र असं कधी झालंच नाही. त्यामुळे हे कुरियर हातात पडल्यावर तू उघडायच्या आधी काय काय मनात आणशील ते मला इथे बसून दिसतंय. म्हणून आधीच सांगितलं. आता खोलीत कोणी नसताना वाच, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय मला फोन करू नकोस. फोनवरच का नाही सांगितलं, असं तू म्हणशील. मी हॅलो म्हणायच्या आत तुझ्या खोलीतला तो जौनपूरवाला लांबून 'भाभीजी नमस्ते' करतो, मागे टीव्ही चालू असतो, आणि तूही सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलतोस. शिवाय फोनवर तू मध्येच काहीतरी बोलून मला हसवतोस आणि मी सुटते. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही. इतक्या वर्षांत मला ही पहिलीच संधी मिळाली आहे.

दर रविवारी जेवायला काय केलं, पल्लवीचा अभ्यास, आईंचे गुडघे, हे सगळं विचारून झालं की तू शेवटी आवाज जरा खाली आणतोस आणि विचारतोस, अंबडला काही हालचाल? मी म्हणते, काही नाही रे. तू म्हणतोस, असू दे, बघू. मग आपण फोन ठेवतो. तिकडे गुजरातेत साणंदला तुला करमत नाही असं तू कधी बोलला नाहीस, पण तिथल्या मेसच्या गोड डाळीवर तू जितकं बोलतोस तितकं कोणी नुसत्या डाळीवर बोलत नाही. दिवाळीत आईंकडे गेलो तेव्हा चांदवडला एसटीतून उतरल्यावर तू तसाच उभा राहिलास. कांद्याच्या गाड्या लागल्या होत्या रांगेने. असा वास तिकडे नाही, म्हणालास. मी तुला चिडवलं की आता कांद्याचं अत्तर बांधून देते बरोबर. तू हसला नाहीस. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं.

माझ्या पार्सलं पोचवायच्या कामाचं तुला अर्धंच माहीत आहे. तू गेलास तेव्हा स्कूटर इथे ठेवून गेलास आणि मला ती गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा धड नेता येत नव्हती. आता लेखानगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कोणत्या सोसायटीचं गेट कधी बंद असतं आणि कोणतं कुत्रं नुसतं भुंकतं, हे मला पाठ आहे. चौथ्या मजल्यावरच्या एक आजी खिडकीतून दोरीला पिशवी सोडतात. मी पार्सल टाकते, त्या वरून ओटीपी ओरडतात, खालच्या अख्ख्या गल्लीला कळतो. एक रिटायर्ड मास्तर आहेत, ते प्रत्येक पार्सल माझ्यासमोर उघडतात आणि शर्ट अंगाला लावून विचारतात, बरा दिसतो का. मी खरं सांगते. दोनदा परत पाठवलेत त्यांनी माझ्या सांगण्यावरून. संक्रांतीच्या आठवड्यात मांजाची भीती म्हणून तुझा तो चॉकलेटी मफलर मी गळ्याभोवती तीन वेढे घालून फिरले. पल्लवी म्हणाली, मम्मी, तू दरोडेखोर दिसतेस.

तू दर वेळी म्हणतोस, माझ्यामुळे तुला वणवण करावी लागते, थोडे दिवस काढ. तुझा आवाज असा होतो की मला काही बोलवत नाही. पण आता लिहिते. ती वणवण मला आवडते, समाधान. थंडीत हात गारठतात, पाठ दुखते, लोक घाण बोलतात कधी कधी, तरी आवडते. तू तिकडे स्वतःला दोष देत बसायचास आणि मी तो तुला घेऊ द्यायची. आणि हेही तुला सांगितलेलं नाही की गेल्या महिन्यापासून मला हबवर घेतलंय. सकाळी सहाला मालाची गाडी येते, कोणतं पार्सल कोणाच्या पिशवीत जायचं आणि कोणी कुठल्या रस्त्याने जायचं, हे आता मी ठरवते. पोरं तोंडावर ताई म्हणतात आणि मागे हेडबाई. पहिल्या दिवशी एकाने मला शिकवायचा प्रयत्न केला की अंबड लिंक रोडने लवकर होतं. मी त्याला म्हटलं, जा मग तिकडूनच. दुपारी दोनला आला घामाघूम होऊन. आता विचारून जातो. हे तुला सांगितलं असतं तर तू माझ्याहून जास्त खूश झाला असतास, मला माहीत आहे. पण मग तू विचारलं असतंस, मी आलो की सकाळी सहाचं कसं करायचं. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं म्हणजे होतं, पण ते तुला सांगण्यासारखं नव्हतं.

तुला आठवतं का, तू नाईटला असायचास ते आठवडे. तू दिवसा झोपायचास म्हणून मी कुकर लावायची नाही, शिट्टीने तू जागा होशील म्हणून. डाळ उघड्या पातेल्यात तासभर शिजत ठेवायची. मिक्सर शेजारच्या सविताताईंकडे जाऊन फिरवून आणायची. पल्लवी तर बोलायला शिकली तीच कुजबुजत, बालवाडीच्या बाईंनी बोलावून विचारलं होतं की हिच्या घशाला काही आहे का. तू कधी म्हणाला नव्हतास की आवाज करू नका. मीच ठरवलं होतं, आणि प्रेमानेच ठरवलं होतं. दर आठवड्याला तुझी शिफ्ट बदलली की आपलं जेवण, झोप, पाहुणे, माझी अंघोळ, सगळं त्याप्रमाणे सरकायचं. मला ते जड गेलं असंही नाही. तू गेल्यावर एका दुपारी मी कुकर लावला आणि चार शिट्ट्या झाल्या तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की घरात कोणी झोपलेलं नाही. त्या दिवशी मला तुझी इतकी आठवण आली की मी जेवलेच नाही. पुढे केव्हातरी ती आठवण यायची थांबली. नक्की कधी ते मला सांगता येणार नाही.

तू जायच्या आधी अंबडच्या कंपनीची मोठी ऑर्डर गेली, तुमची अर्धी लाइन बंद झाली आणि साणंदचं काम मिळेपर्यंत तू पाच महिने घरी होतास. त्या दिवसांबद्दल आपण कधी बोललो नाही. तू काही वाईट वागला नाहीस, उलट फार चांगला वागलास. डबे घासलेस, त्यांच्यावर चिठ्ठ्या लावल्यास, तूरडाळ, मूगडाळ, जणू मला दिसत नव्हतं आत काय आहे ते. मी फॉल-पिकोच्या साड्या द्यायला बाहेर पडले की तू गॅलरीत उभा राहायचास मी परत येईपर्यंत. काळजीनेच. मला त्या काळजीचा कंटाळा यायचा आणि कंटाळा आला म्हणून स्वतःचीच चीड यायची. तू जरा दारू प्यायला असतास, ओरडला असतास, तर हे पत्र लिहायला किती सोपं गेलं असतं. तुझ्यासारख्या माणसावर रागवायलाही काही जागा नाही.

आता मुख्य गोष्ट. नाताळच्या सुट्टीत किशोरभाऊ घरी आले होते. तुमच्या लाइनचे सुपरवायझर, तुझं नाव कमी झालं तेव्हा ज्यांनी गेटवर उभं राहून डोळे पुसले होते तेच. चहा घेतला, पल्लवीची मार्कं विचारली आणि म्हणाले, "वहिनी, ऑर्डर परत आली. साहेब म्हणे, जुनी माणसं आधी घ्या. मी सगळ्यात पहिलं समाधानचं नाव दिलं. त्याचा जुना नंबर लागत नाही, नवा द्या." या वेळी कायम करून घेणार आहेत, हेही सांगितलं. मी म्हटलं, मीच सांगते त्यांना, तेच तुम्हाला फोन करतील. ते खूश होऊन गेले. दार लावून मी कपबशा विसळल्या आणि मला आनंद झाला नाही. मी वाट बघितली, आता होईल, थोड्या वेळाने होईल. झाला नाही. त्या रविवारी तू विचारलंस तेव्हा मी मटार सोलत होते. काही नाही रे, म्हटलं. उद्या सांगू, असं तेव्हा मनात होतं. पुढच्या आठवड्यात किशोरभाऊंचा फोन आला, काय म्हणतो समाधान? माझ्या तोंडून निघून गेलं की ते तिकडे रुळलेत, नाही म्हणाले. किशोरभाऊ म्हणाले, "ठीक आहे वहिनी, पण मला एक फोन तरी करायचा होता त्यानं." म्हणजे मी नुसती तुझी नोकरी घालवली नाही, ज्या माणसाने तुझ्यासाठी शब्द टाकला त्याच्यापुढे तुला उपकार विसरणारा ठरवलं. पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही आला, तू विचारत राहिलास आणि मी नाही म्हणत राहिले. त्यातल्या एका रविवारी तू म्हणालास, तू एकटी किती करतेस गं. मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

किशोरभाऊ आले तेव्हा पाण्याचा तांब्या पल्लवीने आणला होता. तिने सगळं ऐकलं होतं आणि मला ते लक्षातच राहिलं नाही, इतकी मी स्वतःत होते. गेल्या रविवारी फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, मम्मी, पप्पा आता आपल्याला नको आहेत का. मी तिला रागावले. मोठ्यांच्या गोष्टीत बोलायचं नाही, असं म्हटलं, माझ्या आईसारखं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. समाधान, तू मला नको आहेस असं नाही. तू रविवारी हसवतोस ते मला आठवडाभर पुरतं. पण मला माझी सकाळ हवी होती, आणि ती मिळवायला मी तुझी जागा कोणाला तरी देऊन टाकायला निघाले होते. याहून चांगल्या शब्दांत मला ते सांगता येत नाही. मला माझी लाज वाटते.

बुधवारी दुपारी मी स्कूटर काढून अंबडला गेले. जेवणाच्या सुट्टीत किशोरभाऊंना गेटवर बोलावून घेतलं आणि सांगितलं की मी तुला विचारलंच नव्हतं, खोटं बोलले, तुझा यात काही दोष नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाले की जागा अजून भरलेली नाही, पण पुढच्या शुक्रवारच्या पुढे ती त्यांना धरून ठेवता यायची नाही. त्यांचा नंबर पाकिटावर मागे लिहिलाय. हे पत्र तुला सोमवारी मिळेल. आधी त्यांना फोन कर, मग मला कर, आणि काय ठरवायचं ते माझा आवाज ऐकून ठरवू नकोस. हबचं काम मी सोडणार नाही. तू आलास तरी सकाळी सहाला मी निघणार, तुझी नाईट असली तरी, आणि पल्लवीचा डबा त्या आठवड्यात तू करशील. तुला हे पटत नसेल तर तसं सांग, मी ऐकेन, पण त्यासाठी काम सोडणार नाही. तू स्टेशनवर उतरशील तेव्हा तू यायलाच हवा होतास असं मला वाटेल, अशी मला आशा आहे. नाही वाटलं, तर ते या वेळी दुसऱ्या कोणाला नाही, तुलाच सांगेन, तिथल्या तिथे, तोंडावर.

हे वाचूनही तुला चालत असेल तर, तुझीच,
साधना