सीटखालचा पिवळा कनेक्टर

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच मानून घ्या. गाडीच्या सीटखाली वाकून वाकून कंबर आखडली आहे.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालता ना? आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

झालं असं, की महिन्यापूर्वी आमच्या गाडीत एअरबॅगचा लाल दिवा लागला तो काही केल्या विझेना. गॅरेजवाला म्हणाला, गाडी ठेवून जा, बघतो. पण मला कुठला दम निघतोय? जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त केले, हा एवढासा दिवा मला काय भारी पडणार, या घमेंडीत मी कोड रीडर विकत आणला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला की गाडीचं दुखणं त्याच्या पडद्यावर उमटतं. पडद्यावर आलं, दोष नाही. वर लाल दिवा ढळढळीत जळतोय आणि हा पठ्ठ्या म्हणतो दोष नाही! (स्वस्तातला रीडर फक्त इंजिनाचं बघतो, एअरबॅगचं त्याला कळत नाही, हे दुकानदाराने विकून झाल्यावर सांगितलं.) शेवटी नाक मुठीत धरून गॅरेजवाल्याकडूनच मोठा रीडर मागून आणला.

रविवारी सकाळी बिल्डिंगखाली तो लावला, तेव्हा रिकामटेकडे चार शेजारी भोवती जमले. दोष निघाला पुढच्या सीटच्या सेन्सरचा, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या. त्या सीटला म्हणे वजनावरून कळतं कोण बसलंय ते. मी हे सगळ्यांना ऐटीत समजावत होतो आणि नेमकी तेव्हाच तुमची बहीण दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन फाटकातून आत आली. ताई, माझ्या जिभेला हाड नाही हे तुम्ही आमच्या लग्नापासून जाणता. मी म्हणालो, "हा बघा दोष, आपल्या पायांनी चालत आला." शेजारी पोट धरधरून हसले. तीही हसली, म्हणून मला वाटलं, खपलं. ती पिशव्या घेऊन जिना चढून गेली. (एक तरी मी घ्यायला हवी होती.)

त्या दिवसापासून ती मागच्या सीटवर बसते. इतकी वर्षं शेजारी बसून माझ्याआधी तिचा पाय ब्रेक दाबायचा, वळण यायच्या आत हात दाराला जायचा आणि मी वैतागायचो. आता मी चुकीच्या गल्लीत शिरलो तरी मागून चकार शब्द येत नाही. मला करमत नाही हो. मागे का बसतेस विचारलं, तर म्हणाली, दिवा लागलाय ना, ती सीट धोक्याची. ऐकून केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे दिवा विझला की स्वारी पुढे येणार. लगेच बॅटरी सोडवली, दहा मिनिटं थांबलो (एअरबॅगच्या तारांना घाईने हात लावला तर ती तोंडावर फुटायची) आणि सीटखाली हात घातला. वजनाचा काडीचा संबंध नव्हता. मीच तिथे कोंबलेल्या पान्यांच्या पेटीने पिवळा कनेक्टर ढिला केला होता. तो घट्ट बसवला, बॅटरी जोडली, रीडरवरून कोड पुसला, दिवा विझला. वर जाऊन तिला सांगितलं की चूक माझीच होती. म्हणजे पेटीची. त्या वाक्याचं कबूल करायला मात्र तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुढचं दार उघडून धरलं. तिने वाकून पाहिलं, दिवा नव्हता. "मला मागे बरं वाटतं," म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

तब्येतीला जपा.

आपला,
मेहुणा

ता. क. डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले की चार दिवस राहायला या. मागची सीट सबंध तुमची. खुशाल आडव्या व्हा, म्हणजे तिला पुढे यावंच लागेल. नाहीच आली, तर निदान तुम्ही तिला विचारा. मला धीर होत नाही.

ता. क. २. दिवा परत लागला आहे. गाडीचा दोष नाही, परवा मीच तो कनेक्टर काढून ठेवला. तुम्ही यायच्या आधी जोडतो, तिला सांगू नका. दिवा आहे तोवर ती दिव्यामुळे मागे बसते, असं मला म्हणता येतं.